पुढच्या गाडीपासून किती लांब राहू? नव्या चालकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : लायसन्स मिळून दोन महिने झाले. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की मागचा हॉर्न वाजवत राहतो. घाबरून मी वेग वाढवते. नेमकं किती अंतर ठेवायचं?

अंतर मीटरमध्ये मोजायला जाऊ नका. चालत्या गाडीतून तो अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. सेकंदांत मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. म्हणून संपायच्या आत तुम्हीही खांबाशी आलात, तर फार जवळ आहात. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद हे कमीत कमी, पावसात चार. नव्या चालकाला मी कोरड्या रस्त्यावरही तीन सांगतो, आणि त्यावर अडून राहतो.

का ते पाहा. ताशी 60 किमी वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे 17 ते 25 मीटर संपले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही! त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगळं, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलंत तर याच वेगात 33 मीटर डोळे मिटून गेलात असं समजा.

मागच्याच्या हॉर्नमुळे वेग मुळीच वाढवू नका. तो चिकटलाच असेल तर पुढची मोकळी जागा आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला कचकन ब्रेक मारावा लागणार नाही आणि तो मागून आदळणार नाही. जागा मिळाली की त्याला पुढे जाऊ द्या. अशा वेळी किती अपमान वाटतो, हे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला दिसतं. पण तुमच्या गाडीचा वेग तुम्हीच ठरवायचा.

प्रश्न : कुत्रा आडवा आला म्हणून जोरात ब्रेक दाबला, तर पेडल थरथरलं, खरखर आवाज आला. मी दचकून पाय काढला. ब्रेक बिघडलेत का?

नाही, ते एबीएसचं काम. चाकं जाम होऊ नयेत म्हणून ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते आणि पुन्हा धरते. तीच थरथर पायाला लागते. अशा वेळी पाय काढणं ही सगळ्यांत धोक्याची चूक. पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि जायचं त्या बाजूला स्टिअरिंग वळवा. जाम झालेल्या चाकांची गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. एबीएस असतं ते म्हणूनच.

एखाद्या रिकाम्या, मोकळ्या जागी, शेजारी जाणता माणूस बसवून, कमी वेगात असा ब्रेक मुद्दाम दाबून पाहा. ती थरथर आधी ओळखीची झाली की ऐन वेळी पाय दगा देत नाही.

प्रश्न : उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं का?

नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की पकड सुटते. लांब उतारावर खालचा गिअर आधीच टाका.

प्रश्न : रात्री समोरून अप्पर लाइट आला की काहीच दिसत नाही.

त्या लाइटकडे पाहू नका. वेग कमी करा आणि नजर रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेवर ठेवा, तिच्या आधाराने गाडी सरळ राहते. चिडून आपणही अप्पर लावला तर दोघंही आंधळे होतात.

डिपरचा उजेड साधारण 40-50 मीटर पोचतो. ताशी 80 किमी वेगातली गाडी तेवढ्यात थांबत नाही, म्हणून अंधाऱ्या रस्त्यावर डिपरवर असताना तो वेग नकोच. आणखी एक, समोरची काच आतून पुसता का? तिच्यावरचा धुरकट थर झगमगाट कितीतरी वाढवतो, आणि बाहेरून काच कितीही घासली तरी तो जात नाही.