रोमिओ आणि ज्युलिएट संकटात वेगळं कसं वागतात? उत्तरात कोणते प्रसंग घ्यावेत?

'रोमिओ भावनाप्रधान, ज्युलिएट विचारी' एवढं लिहून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार, कारण नाटकाची संहिताच त्याच्या आड येते. रडतात दोघंही, मरणाची भाषा दोघंही करतात, आणि पाद्री लॉरेन्सच्या खोलीत हातात सुरा दोघंही घेतात. खरा फरक आहे तो बातमी कानावर पडणं आणि कृती होणं यांच्यामधल्या वेळात. ज्युलिएट त्या वेळात प्रश्न विचारते. रोमिओ तेवढा वेळच जाऊ देत नाही.

तुलना करताना आधी एक पथ्य पाळा. दोघांवरची सगळी संकटं एका जातीची नाहीत. रोमिओच्या कानी बहुतेक वेळा घडून गेलेलीच गोष्ट येते: हद्दपारी झाली, बायको मेली (ही बातमी खोटी असली तरी त्याला खरीच वाटते). ज्युलिएटला, रोमिओशी गुपचूप लग्न झालेलं असताना, बापाने पॅरिस या सरदाराशी ठरवलेलं लग्न दोन दिवस आधी कळतं, म्हणजे योजनेला थोडी तरी जागा मिळते. शिवाय रोमिओकडे नोकर, घोडे, पैसे आणि तलवार आहे; तिला घराबाहेर पडायचं तर कबुलीजबाबासाठी पाद्रीकडे जाते, एवढी एकच सबब आहे. हे न सांगता 'ती योजना आखते, तो आखत नाही' असं लिहिलंत तर मुद्दा लंगडा पडतो. दोघांवर जवळपास सारखंच संकट येतं असे तीन प्रसंग आहेत. उत्तराचा भार त्यांच्यावर टाका.

पहिला प्रसंग म्हणजे तिसऱ्या अंकाचे दुसरा आणि तिसरा प्रवेश. बातमी एकच: ज्युलिएटचा चुलतभाऊ टिबल्ट रोमिओच्या हातून मेला, रोमिओ व्हेरोना शहरातून हद्दपार. दाई इतकं अर्धवट बोलते की ज्युलिएटला आधी रोमिओच मेल्यासारखं वाटतं. खरं कळल्यावर ती रोमिओवर चिडते, देवदूताच्या रूपातला सैतान म्हणते. पण दाई त्याला शिव्या घालू लागताच ती दाईवरच उलटते आणि स्वतःची उलटतपासणी घेते. भावाला का मारलं? कारण त्या भावाने माझ्या नवऱ्याला मारलं असतं. नवरा जिवंत आहे, मारणारा गेला, हे तर बरंच झालं, मग मी रडतेय कशाला? त्यानंतर हद्दपारी आठवते आणि ती पुन्हा कोसळते. मात्र प्रवेश संपताना दाईच्या हाती अंगठी देऊन ती रोमिओला बोलावून घेते.

पुढच्याच प्रवेशात रोमिओ जमिनीवर पडून आहे. व्हेरोनाच्या तटाबाहेर जगच नाही, ज्युलिएटच्या हातावर माशी बसू शकते पण मी नाही, असं तो बोलतो. इथे लॉरेन्सचं लांबलचक भाषण नीट वाचा. ज्युलिएट जिवंत आहे, टिबल्ट तुला मारणार होता पण तूच त्याला मारलंस, मृत्युदंडाऐवजी हद्दपारी मिळाली, हे तुझं नशीबच, असं तो त्याला सांगतो. यातला टिबल्टचा हिशेब ज्युलिएटने आधीच्याच प्रवेशात एकटीने मांडलेला आहे, आणि आपलं माणूस जिवंत आहे हेही तिचं तिने ओळखलं आहे. तेच रोमिओला बाहेरून सांगावं लागतं. माझ्या मते अख्ख्या तुलनेतला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि बहुतेक उत्तरांत नेमका तोच सुटतो. मात्र 'तुझे अश्रू बायकी आहेत' हे लॉरेन्सचं वाक्य नाटककाराचा निवाडा म्हणून देऊ नका. ते एका पात्राचं बोलणं आहे, आणि शेजारचाच प्रवेश ते खोटं ठरवतो.

दुसरा प्रसंग सुऱ्याचा. तिसऱ्या प्रवेशात रोमिओ सुरा उपसतो तेव्हा तो कुणाकडे उपाय मागत नसतो. चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ज्युलिएटही त्याच खोलीत सुरा दाखवते, पण अट घालून: उपाय असेल तर आत्ता सांगा, नसेल तर मरण्याचा माझा निर्णय शहाणपणाचा आहे एवढं तरी म्हणा. आणि उपाय मिळतो. मरायची तयारी असेल तर मरणासारखी दिसणारी गोष्टही करशील, असं म्हणून लॉरेन्स तिला बेचाळीस तासांच्या गुंगीचं औषध देतो. ती मेली समजून घरचे तिला थडग्यात ठेवतील आणि निरोप मिळाल्यावर रोमिओ येऊन तिला घेऊन जाईल, ही योजना.

त्याच अंकातल्या तिसऱ्या प्रवेशातलं तिचं स्वगत थोडक्यात घ्या, पण घ्याच. औषध लागू पडलंच नाही तर? हे विषच असलं तर? रोमिओ येण्याआधी जाग आली तर? एकेक शंका ती तपासते आणि पहिल्या शंकेसाठी जवळ सुरा ठेवते. मात्र 'शांतपणे पिते' असं लिहू नका. टिबल्टचं भूत दिसू लागतं आणि त्या भीतीच्या टोकावर ती औषध घेते.

तिच्या पद्धतीलाही किंमत मोजावी लागते, हे लिहिलंत तर उत्तर एकतर्फी होणार नाही. ज्युलिएटचं मुख्य हत्यार म्हणजे लपवणं. आईशी ती दुहेरी अर्थाचं बोलते. पॅरिसशी लग्न कर असं दाईने सुचवल्यावर तिचे आभार मानून तिला कायमची दूर करते. बापासमोर पश्चात्तापाचं सोंग तर इतकं छान वठतं की खूश होऊन तो गुरुवारचं लग्न बुधवारवर आणतो. हद्दपार रोमिओ राहतो त्या मँटुआला निरोप पोहोचवायला असलेला एक दिवस तिथेच जातो.

रोमिओच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला टिबल्ट अपमान करतो तेव्हा तो तलवार काढत नाही, मध्ये पडून भांडण सोडवू पाहतो. त्याच्याच हाताखालून त्याचा मित्र मर्क्युशिओ याला टिबल्टचा वार बसतो. आपल्या मवाळपणामुळे मित्र गेला असं त्याच्या मनाने घेतलं, आणि त्यानंतर धीर धरणं हा पर्याय त्याच्यापुरता संपला. उतावळेपणा हा त्याचा जन्मजात दोष आहे असं लिहिण्यापेक्षा हे कारण दाखवणं जास्त बरोबर आहे.

पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ज्युलिएट मेल्याची बातमी येते, तेव्हा तो बदललेला दिसतो. रडणं नाही, कागद आणि शाई मागवतो, घोडे ठरवायला सांगतो. पाद्रीचं पत्र आहे का, हा योग्य प्रश्नही विचारतो. नाही म्हटल्यावर मात्र 'असू दे' म्हणून सोडून देतो, आणि थोडा धीर धरा ही नोकर बाल्थझारची विनवणीही कानाआड करतो. मग लगेच औषधविक्याचं दुकान आठवतं, टांगलेल्या कासवासकट. विष हवं असेल तर इथे मिळेल, हे त्याने आधीच मनात नोंदवून ठेवलेलं असतं. चाळीस डुकाट देऊन तो ते घेतो. इथे तो व्यवस्थित वागतो. फक्त ती सगळी व्यवस्था मरणासाठी आहे.

तिसरा प्रसंग थडग्यातला. तिच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे, हे रोमिओ स्वतः बोलून दाखवतो, पण असं का, हे विचारत नाही. जाग आल्यावर ज्युलिएट आपण कुठे आहोत हे लगेच ओळखते, नवरा कुठे म्हणून विचारते, पेला पाहून विष ओळखते, ओठांना स्पर्श करते आणि ते ऊबदार आहेत हे तिच्या लक्षात येतं. निरीक्षण दोघांचंही पक्कं. निष्कर्षापर्यंत ती जाते, तो जात नाही. पण इथेच ती त्याच्यासारखीही होते. लॉरेन्स तिला जोगिणींच्या मठात ठेवण्याची तयारी दाखवतो आणि पहिल्यांदाच ती त्याची योजना नाकारते. आतापर्यंतची तिची प्रत्येक युक्ती जिवंत रोमिओपर्यंत पोहोचण्यासाठी होती. पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि ती रोमिओचाच खंजीर उचलते.