स्प्लेंडरवरून साडेतीनशेवर जाताना

भाऊ, सीसीचं नंतर, आधी वजन बघ. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, रॉयल एनफिल्डची साडेतीनशे सीसीची क्लासिक ३५० भरते १९५. चालत्या गाडीवर हा फरक कळतच नाही. कळतो तो नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत, पार्किंगमधून गाडी मागे ओढताना. म्हणून शोरूममध्ये नुसती चक्कर मारून खूश होऊ नको. इंजिन बंद करून गाडी दहा पावलं मागे घेऊन बघ, मेन स्टँडवर चढव. तिथंच घाम फुटला तर हलकी अडीचशे बघ, त्यात काही कमीपणा नाही.

घेतलीस की पहाटे सेमिनरी हिल्सकडे ने आणि हळू वळणं घोटून काढ. हाफ क्लच, थोडासा मागचा ब्रेक, नजर वळायचं तिकडे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलास की गाडी आडवी झालीच समज! आणि कलंडायलाच लागली तर पाय घालून सावरू नको, सोडून दे. क्रॅश गार्ड त्यासाठीच असतो.

सरळ रस्त्यावर मात्र खरं काम पुढच्याच ब्रेकचं. स्प्लेंडरवरची नुसता मागचा दाबायची सवय मोड. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण सिमेंट रोडवर सांडलेल्या रेतीवर गाडी चटकन थांबवूनही देत नाही.

मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर इंजिनच्या आचेनं पोटऱ्या भाजतील, जाड जीन्स घाल.

पैशाचं म्हणशील तर, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, ३५० च्या वर गेलास की ४० टक्के. साडेचारशेचा मोह झाला तर हे आधी घरी सांग.