रिचर्डसन नंबर ०.८ आला म्हणून प्रवाह स्थिर ठरत नाही

नदीमुखाशी इको साउंडरवर (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातले थर दाखवणाऱ्या यंत्रावर) भोवऱ्यांची रांग दिसते, पण रिचर्डसन नंबर (घनतेच्या उताराचा स्थिर ठेवणारा परिणाम भागिले शिअरचा, म्हणजे खोलीनुसार वेग बदलण्याच्या दराचा, वर्ग) कुठेच पाव तर सोडाच, ०.८ च्या खालीही उतरत नाही, मग माइल्स-हॉवर्डचा निकष (नंबर सगळीकडे पावाच्या वर असेल तर प्रवाह स्थिर) चुकतो का, असं तुम्ही विचारलंय. पीएचडीत मी नेमकी इथेच अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचा डेटा मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगते.

१९६१ च्या त्या निकषाला हात लावू नका. आधी वेगाचा डेटा तपासा. समजा, वरचं गोडं आणि खालचं खारं पाणी यांच्यातला थर १ मीटर जाडीचा आहे, वेगातला फरक सेकंदाला ०.४ मीटर आणि रिचर्डसन नंबर ०.२. हाच फरक सरासरी काढताना ४ मीटरवर पसरला, की घनतेचा उतार चौपट कमी होतो, पण शिअरचा वर्ग सोळापट. नंबर थेट ०.८!

मला ज्या कार्यालयाने डेटा दिला, त्यांनी ४ मीटरची सरासरी काढून मधल्या जागा सरळ रेषेने भरल्या होत्या. फाइलमध्ये मात्र दर अर्ध्या मीटरला एक ओळ, आणि सरासरीचा उल्लेख कुठेही नाही. विचारलं तर ‘गुणवत्ता तपासलेला डेटा आहे’ एवढंच उत्तर. कच्चा डेटा मागितला तर विहित नमुन्यात अर्ज करा, आणि अर्जाला उत्तर नाही. सार्वजनिक पैशातून केलेल्या मोजणीबाबत ही वागणूक मला आजही संतापजनक वाटते. शेवटी वेगाच्या स्तंभातल्या प्रत्येक ओळीतून आधीची ओळ वजा करून पाहिली, तेव्हा सलग आठ ओळींत फरक तंतोतंत तोच निघाला. तुम्हीही हे आजच करून बघा.

दुसरी पडताळणी भोवऱ्यांच्या अंतरावरून होते. केल्विन-हेल्महोल्ट्झ भोवऱ्यांमधलं (वेगातल्या फरकामुळे दोन थरांच्या सीमेवर उठणाऱ्या भोवऱ्यांमधलं) अंतर थराच्या जाडीच्या साधारण सातपट असतं. अंतर ७ मीटर आलं, तर थर मीटरभराचाच, मग फाइल काहीही सांगो. फक्त साउंडरचा आडवा अक्ष वेळेचा असतो. त्याचं अंतर करताना होडीचा जमिनीवरचा वेग घेऊ नका, भोवऱ्यांच्या तुलनेतला घ्या.

आणि उलट बाजूने घाई नको: नंबर पावाच्या खाली गेला म्हणजे अस्थिरता आलीच, असं तो निकष म्हणत नाही. त्यासाठी टेलर-गोल्डस्टीन समीकरण (अशा थरांच्या प्रवाहातली लहान हालचाल वाढते की विरते ते सांगणारं) सोडवावंच लागेल, तेही खोलीनुसार मोजलेल्या कच्च्या प्रोफाइलवर.