थीम पार्कचं तिकीट महाग झालं की लोकांचं वागणं का बदलतं?

पैसे वसूल करायचेत हे डोक्यात बसतं म्हणून. आता कोल्हापुरातनं खोपोलीच्या इमॅजिकाला चौघांनी जायचं तर तिकीट, पेट्रोल, टोल, आतलं खाणं, मग एकजण रांगेत उभा राहतो आणि राईड जवळ आली की मागनं अख्खं खानदान घुसतं, आणि पोरगं दमलं तरी अजून दोन राईड राहिल्यात म्हणून त्याला ओढत नेतात, ह्याचं मला लई वाईट वाटतं. त्यात पैसे भरून पुढं जायची सोय पार्कवाल्यांनीच काढली. डिस्नेचा फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून राईडवर जायचा पास, १९९९ पासून फुकट होता, २०२१ ला त्याच्या जागी पैशाची सिस्टीम आणली, साध्या रांगेतला माणूस चिडणारच की. पण तो राग राईडवर काम करणाऱ्या पोरापोरींवर काढू नका, दर ती ठरवत नाहीत.