बाळ पाच महिन्यांचं आहे, नोकरी कारखान्यात आहे. सोडू की टिकवू?

तुम्ही लिहिलंय की बाळ पाच महिन्यांचं आहे, रजा संपत आली, चाकणला प्रॉडक्शनमध्ये आहात आणि घरचे म्हणतात, "दोन-तीन वर्षं सोड, मग बघू." माझं सरळ उत्तर: नोकरी सोडू नका, कंपनीतच खातं (डिपार्टमेंट) बदलून मागा.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. भोसरीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं काढली, मुलगा त्याच काळात लहानाचा मोठा झाला. माझ्या वेळी रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली, आणि हा फरक फार मोठा आहे.

लेकरू लहान असताना कामाचे तास तेवढे जड जात नाहीत. जड जातं ते अचानक उगवणारं काम. मी तेव्हा कमिशनिंगला होते, म्हणजे ग्राहकाकडे जाऊन पॅनेल तपासून चालू करून द्यायच्या कामावर. पॅनेल चार्ज करायच्या, म्हणजे त्यात पहिल्यांदा वीज सोडायच्या दिवशी काहीतरी निघतंच. कधी सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) जोडणी उलटी, कधी सुरक्षेच्या इंटरलॉकची एखादी वायर राहिलेली, कधी बिघाड ओळखणारा रिले उगाचच ट्रिप होतोय. ग्राहकाचा प्लांट बंद असतो, तो तुम्हाला हलू देत नाही, आणि इकडे पाळणाघराची वेळ संपत आलेली असते. पुढे मी डिझाइनला बदली मागून घेतली. तिथेही काम कमी नव्हतं. टेंडरच्या आधी रात्री जागून केबल शेड्यूल (कुठली केबल कुठून कुठे जाते याच्या याद्या) पुरी केली आहेत. पण ती रात्र येणार हे आठवडाभर आधी माहीत असायचं, त्यामुळे सासूबाईंना थांबायला सांगता यायचं. शिवाय वायर जोडायचे टर्मिनल कुठे ठेवले की फिटरचा हात तिथे पोचतो, हे मी साइटवर पाहिलेलं होतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये ते उतरायचं, आणि साइटवरची माणसं आवर्जून तसं सांगायची.

तुमच्या लाइनवर ब्रेकडाउन आणि रिजेक्शन वेळ सांगून येत नाहीत. म्हणून प्रोसेस इंजिनिअरिंग, टूल डिझाइन किंवा नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटचं काम मागा. सप्लायर क्वालिटीत, म्हणजे पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघण्याच्या कामात, फिरती असते, ते सध्या नको. आणि हे मागताना गयावया करू नका. कुठलं मशिन कधी रुसतं हे ज्याला माहीत आहे असा माणूस कंपनीला सहज मिळत नाही. हेच ज्ञान तीन वर्षं घरी बसल्यावर शिळं होतं, म्हणून मी सोडू नका म्हणतेय.

ए. ललिता यांच्याबद्दल जरूर वाचा. भारतातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, आणि माझ्याच शाखेच्या. अठराव्या वर्षी वैधव्य आलं तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढे कलकत्त्यात भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या डिझाइनचं काम केलं. त्या शिकत होत्या तेव्हा मुलीला भावाच्या घरच्यांनी सांभाळलं, आणि कलकत्त्याची नोकरीही तिथे भाऊ राहत होता म्हणून सोयीची ठरली. हे वाचून मला फार धीर आला होता. हुशारी आणि जिद्द त्यांची होतीच, पण मुलीजवळ कोण थांबणार हे आधी ठरलेलं होतं.

तुमच्या घरी हे ठरलंय का? पाळणाघराच्या फॉर्मवर संपर्काचा पहिला नंबर कुणाचा असतो ते बघा. तिथे नवऱ्याचा नंबर घाला. ताप आला, जुलाब झाले की पहिला फोन त्यांना जाऊ दे. आमच्याकडे हा एक बदल झाला आणि कितीतरी भांडणं आपोआप मिटली. मुलाला कुठल्या औषधाने पुरळ येतं हे त्याच्या बाबाला तोंडपाठ झालं.

दुधाचं म्हणाल तर काढलेलं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस चांगलं राहतं, बाहेर मात्र साधारण ४ तासच, तेही फार उकाडा नसेल तर. बसच्या प्रवासासाठी बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा न्या. दूध काढायला दार बंद होणारी खोली हवी. टॉयलेट दाखवलं तर ठाम नकार द्या.

आता कायद्याचं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीला करावी लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दूध पाजायला रोज दोन सुट्ट्या मिळतात. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करायचं दोघांच्या संमतीने ठरवता येतं. हे सगळं एचआरला ईमेलने मागा, तोंडी नको, आणि खातेबदलाचा अर्जही त्यातच जोडा. रजा संपायच्या निदान तीन आठवडे आधी पाठवा, म्हणजे तुमच्या जागी लाइनवर कोण येणार हे ठरवायला साहेबांनाही वेळ मिळेल.