कॅमेरा कुठला घेऊ विचारताय, त्याआधी माझी जेजुरी ऐका

तुम्ही विचारलंय की फोटोग्राफीचा कोर्स केला होता का, हे वेड लागलं कसं आणि फिरताना फोटो काढायला 60 हजारात काय घ्यावं.

कोर्सबिर्स काही नाही हो. मी हिशेब लिहिणारा माणूस, सोमवार ते शनिवार लेजर आणि रविवारी एसटी. मामाकडे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनायचा तो, 12 फोटोंचा रोल, आणि सेटिंग म्हणजे एक सूर्याचं चित्र नि एक ढगाचं, झालं. मामा रोल इतका पुरवून वापरायचा की गौरी-गणपती, मावशीचं डोहाळजेवण आणि दिवाळी एकाच रोलमधे निघायची, आम्हाला हात लावू द्यायचा नाही, तिथूनच खाज लागली असणार.

1994 ला स्वतःच्या पैशाने सेकंड हँड पेंटॅक्स के 1000 घेतला. ठोकळा नुसता, बॅटरी लागायची ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, ती संपली तरी 100 स्पीडचा रोल, भर ऊन, लेन्सचं छिद्र एफ 16 वर आणि शटर 1/125 सेकंदावर एवढं पाठ असलं की काम भागायचं. तो घेऊन पहिल्यांदा सोमवतीला जेजुरीला गेलो. सोमवती म्हणजे अमावस्या सोमवारीच, म्हणजे रजा टाकणं आलं. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघाली, वरून भंडारा उधळला जातोय, येळकोट येळकोट चाललंय, मी पायऱ्यांवर धक्के खात फोटो काढतोय. रोलचे 36 फोटो होऊन गेले तरी रोल पुढे सरकवायचा लिव्हर आपला मऊसूत ओढला जातोय तेव्हा पोटात गोळा आला. रोल अडकलाच नव्हता! लोड करताना फिल्मचं टोक स्पूलमधून सुटलेलं, अख्खा दिवस मी रिकाम्या कॅमेऱ्याने फोटो काढत होतो. तेव्हापासून सवय लागली, लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरतेय ना ते बघायचं, ती फिरली तर रोल पुढे चाललाय. आता डिजिटलमधे त्याचा उपयोग शून्य, पण बोटं अजून तिकडे जातात.

परत गेलो. मग परत. आमचं हौशी लोकांचं हेच बरं असतं, फोटोची वाट बघत कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे एकाच जागी दहा वेळा गेलं तरी विचारणारं कोण (बायको सोडून). दुसऱ्या खेपेला फोटो आले पण सगळे भरदुपारचे, सपाट, भंडारा म्हणजे नुसता पिवळा धुरळा. मग कळलं की सकाळचं तिरपं ऊन समोरून घ्यायचं, भंडाऱ्याच्या मागे सूर्य आला की प्रत्येक मूठ पेटल्यासारखी दिसते. 2009 ला डिजिटल आला, निकॉनचा डी 90, तेव्हा वाटलं सुटलो, तर त्याची वेगळीच तऱ्हा. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगला, एवढा पिवळा सहन होत नाही, तो निळ्याकडे ओढतो आणि भंडाऱ्याचा पार राखाडी चिखल होतो. ते डेलाइटला, म्हणजे उन्हाच्या सेटिंगला, फिक्स करून टाका. वर मीटरला वाटतं उजेड फार झाला म्हणून तो फोटो काळपट करतो, उजेड अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा पण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, त्यातला लाल रंगाचा बघत, नाहीतर चेहरे प्लास्टिकचे होतात. आणि तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी, पुढे रबरबँड. मी एकदा शहाणपणा केला होता, भंडारा आत गेला नि झूमची रिंग फिरवली की कर्रर्र वाजायची पुढचे सहा महिने.

आता तुमचे 60 हजार. बहुतेक कंपन्या मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळल्यात त्यामुळे जुने आरशाचे डीएसएलआर चांगल्या अवस्थेत स्वस्तात मिळतात. त्यातला एक घ्या, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते, विचारा, लेन्समधे मोबाइलचा टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच. सोबत 18-55 मिमीची झूम लेन्स आणि कमी उजेडासाठी 35 मिमीची एफ 1.8 लेन्स. कॅमेरा ठेवायला महागडी कपाटं नकोत, घट्ट झाकणाचा पिठाचा डबा नि ओल शोषणारं सिलिका जेल पुरे. उरलेले पैसे एसटीला. आणि निघण्याआधी जायचं ते ठिकाण बंद कधी असतं ते बघा, मी एकदा रजा जोडून सोमवारी अजिंठ्याला पोचलो, लेणी सोमवारीच बंद.

वेड टिकलं कशामुळे म्हणाल तर पायऱ्यांवर भंडारा विकणारी एक आजी होती, तिचा फोटो काढला, पुढच्या सोमवतीला 6 बाय 8 ची प्रिंट नेऊन दिली. तिने पदराला हात पुसून ती घेतली, बराच वेळ बघितली, उलटी करून मागेही बघितलं, मग गादीखाली सरकवली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. घरी न्यायला पुडी मागितली त्याचे पैसे मात्र पुरते घेतले.