कारण न देता खाते बंद : बँकेला गप्प राहण्याचा अधिकार किती?

प्रश्न : इचलकरंजीत माझे यंत्रमागाच्या सुट्या भागांचे लहानसे दुकान आहे. एका खासगी बँकेत गेली अकरा वर्षे माझे बचत खाते आहे. गेल्या आठवड्यात बँकेचे पत्र आले की, ‘अंतर्गत धोरणानुसार’ हे खाते 30 दिवसांनी बंद करण्यात येईल, तत्पूर्वी शिल्लक रक्कम काढून घ्यावी. शाखेत विचारणा केली असता निर्णय मुख्य कार्यालयातून झाल्याचे आणि कारण आपल्यालाही ठाऊक नसल्याचे व्यवस्थापकांनी सांगितले. माझ्यावर कर्ज नाही, माझा एकही धनादेश आजवर परत गेलेला नाही, केवायसीही अद्ययावत आहे. वर्षभरापासून पुतण्याच्या ऑनलाइन साडीविक्रीचे पैसे मात्र याच खात्यात यूपीआयने जमा होतात आणि तो ते त्याच दिवशी काढून घेतो. कारण न सांगता खाते बंद करता येते का? दाद कोठे मागावी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बँकेच्या मनात काय आहे हे आम्ही सांगू शकत नाही, परंतु पुतण्याविषयीचे जे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, तेच आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बचत खाते व्यक्तीच्या स्वतःच्या बचतीसाठी असते. त्यातून व्यापाराची उलाढाल करणे, आणि तीही दुसऱ्याच्या व्यापाराची, हे बँकेच्या अटींमध्ये बसत नाही. शिवाय अनोळखी अशा अनेक व्यक्तींकडून लहान लहान रकमा येणे आणि त्या जवळजवळ तशाच त्याच दिवशी बाहेर जाणे, ही खूण सायबर फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भाड्याच्या खात्यांमध्येही दिसते. व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या संगणक प्रणालीला साडी दिसत नाही, पुतण्याही दिसत नाही. तिला पैशांची ये-जा तेवढी दिसते. आपण काही गैर केले आहे असा याचा अर्थ मुळीच नाही.

आता मौनाविषयी. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, 2002 आणि त्याखालील 2005 च्या नियमांनुसार एखादा व्यवहार संशयास्पद वाटल्यास त्याचा अहवाल फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या केंद्रीय यंत्रणेकडे पाठवणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि असा अहवाल पाठवल्याची वार्ता ग्राहकाच्या कानी जाऊ न देणेही तितकेच बंधनकारक आहे, कारण सावध झालेला गुन्हेगार पैसे हलवील आणि कागद नाहीसे करील. ग्राहकाला कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीच्या गटात का टाकले, हेसुद्धा त्याला सांगू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. असे निर्णय शाखेबाहेरच्या विभागात होत असल्यामुळे आपल्या शाखा व्यवस्थापकांना खरोखरच काही माहीत नसण्याचा संभव आहे. त्यांच्यावर रागावून फारसे काही हाती लागणार नाही.

परंतु कायद्याने घातलेले हे कुलूप एका खोलीपुरतेच आहे. अहवाल पाठवला की नाही आणि जोखमीचा गट कोणता व का, एवढ्याच बाबी गुप्त राखायच्या असतात. बचत खात्याचा वापर व्यापारासाठी होतो, कागदपत्रे अपुरी आहेत, अटींचा भंग झाला आहे, अशी कारणे सांगण्यास कोणताही कायदा आड येत नाही. उलट निव्वळ अहवाल पाठवला म्हणून खात्यातील व्यवहारांवर निर्बंध घालू नयेत, असेही रिझर्व्ह बँकेने बजावलेले आहे. तरीही बँका सरसकट ‘अंतर्गत धोरण’ हे दोन शब्द लिहून मोकळ्या होतात. याचे कारण आमच्या मते साधे आहे : लेखी दिलेले कारण उद्या ग्राहक आयोगापुढे तपासले जाऊ शकते, न दिलेले कारण तपासता येत नाही. गुप्ततेच्या कायद्याची सावली अशा रीतीने सोयीसाठी वापरली जाते.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, खाते हा बँक आणि ग्राहक यांच्यातील करार असतो आणि वाजवी सूचना देऊन कोणताही पक्ष तो संपवू शकतो. बँक तसे करू शकते, हे मान्य करावेच लागेल. मात्र कारण देण्याची अपेक्षा आपल्याकडे नवी नाही. बँकांनी स्वेच्छेने स्वीकारलेल्या ग्राहक-बांधिलकीच्या संहितेत, सामान्य परिस्थितीत किमान 30 दिवसांची आणि कारणे नमूद केलेली सूचना दिल्याशिवाय खाते बंद केले जाणार नाही, असे आश्वासन होते. आपल्या पत्रातील 30 दिवस त्या परंपरेतले दिसतात. कारणे तेवढी वाटेत गळाली. रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या ग्राहक हक्क सनदेला धरून बँकांनी जे नमुना धोरण तयार केले, त्यात वाजवी किंवा करारानुसार पूर्वसूचनेची हमी आहे, पण कारणांचा आग्रह तसा नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या बँकिंग लोकपाल योजना, 2006 मध्ये योग्य सूचनेशिवाय किंवा पुरेशा कारणाशिवाय ठेव खाते सक्तीने बंद करणे, हा तक्रारीचा स्वतंत्र आधार होता. 12 नोव्हेंबर 2021 रोजी आलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने आधारांची ती लांब यादी काढून ‘सेवेतील त्रुटी’ एवढा एकच व्यापक आधार ठेवला आणि त्याच वेळी बँकेचा व्यापारी निर्णय हा विषय लोकपालांच्या कक्षेबाहेर ठेवला. ग्राहकासाठी वाट रुंद झाली असे सांगण्यात आले. खाते बंद झालेल्या ग्राहकापुरती ती अरुंद झाली, असे आम्हाला वाटते.

म्हणून ‘का?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यापेक्षा, ज्यांची उत्तरे देणे बँकेला भाग पडेल असे प्रश्न तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी विचारावेत. खाते उघडताना मान्य केलेल्या कोणत्या अटीनुसार ही कारवाई होत आहे, निर्णय कोणत्या पातळीवर झाला, शिल्लक रक्कम व्याजासह कशी व कधी मिळेल, मुदतीनंतर सादर होणाऱ्या धनादेशांचे काय होईल, हे त्यात यावे. त्याच पत्रात पुतण्याच्या व्यवहारांचा खुलासा स्वतःहून करावा, विक्रीची बिले जोडावीत आणि तो व्यवहार यापुढे त्याच्या स्वतःच्या चालू खात्यातून होईल असे कळवावे. बँक निर्णय फिरवील याची हमी नाही, पण पुढे कोठेही गेलात तरी हेच पत्र आपल्या बाजूने बोलेल.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तेथे ‘खाते का बंद केले’ असे लिहिल्यास व्यापारी निर्णय म्हणून तक्रार निकालात निघण्याची भीती आहे. पूर्वसूचना, रकमेचा परतावा आणि उत्तर न देणे यांतील त्रुटींवर भर द्यावा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, मात्र खात्यातून व्यापार होत असल्यामुळे आपण ‘ग्राहक’ ठरत नाही, असा मुद्दा बँक तेथे मांडू शकेल, याची तयारी ठेवावी. माहिती अधिकाराचा अर्ज खासगी बँकेला लागू पडत नाही.

हे सारे होईपर्यंत दिवस थांबत नाहीत. सर्वप्रथम दुसऱ्या बँकेत खाते उघडावे, विमा, वीजबिल व म्युच्युअल फंडाच्या हप्त्यांची स्वयंवसुली तिकडे वळवावी आणि जुन्या खात्याचा अकराही वर्षांचा उतारा मुदतीच्या आत मागून घ्यावा. प्राप्तिकराच्या कामी तो लागेल, आणि खाते बंद झाल्यावर तो मिळवणे जिकिरीचे होते.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षे लंडनमध्ये आहे. तेथील बँकेनेही त्याचे जुने खाते दोन महिन्यांची सूचना देऊन, कारण न देता बंद केले. तेथे काही उपाय आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, आणि तो भारतातील उपायांपेक्षा थोडा धारदार आहे. 2023 मध्ये कूट्स या बँकेने नायजेल फराज या राजकीय नेत्याचे खाते बंद केले, तेव्हा त्यांनी माहिती संरक्षण कायद्याखाली स्वतःविषयीचे बँकेतील अंतर्गत कागद मागवले आणि त्यांत त्यांच्या राजकीय मतांचीही चर्चा झाल्याचे उघड झाले. या प्रकरणात कूट्सची मालक असलेल्या नॅटवेस्टच्या प्रमुख अ‍ॅलिसन रोझ यांना पद सोडावे लागले. त्यानंतर तेथील सरकारने नियम बदलला आणि 28 एप्रिल 2026 पासून होणाऱ्या नव्या करारांना 90 दिवसांची सूचना व कारण देणे आवश्यक केले. गुन्हेविषयक कायदा आड येत असेल तेथे अपवाद आहे. आपल्या मुलाचे खाते त्याआधीचे असल्याने त्याला जुनीच दोन महिन्यांची मुदत लागू होते. परंतु स्वतःविषयीची माहिती मागवण्याचा तोच अर्ज त्यालाही विनाशुल्क करता येईल, आणि बँकेला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. तक्रारीवर बँकेचे अंतिम पत्र आल्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याने तेथील फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे वित्तीय तक्रारींच्या लोकपाल यंत्रणेकडे, जावे.